मैलांसाठी केलेला प्रवास

१/ १९७८ साली अमेरिकेत विमानभाडी व मार्ग यांवरील सरकारी नियंत्रण हटवणारा कायदा झाला. कंपन्यांत चुरस वाढली. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने ‘अ‍ॅडव्हान्टेज’ योजना आणली. प्रवासाचे मैल खात्यात जमू लागले.

२/ पुढे ठरावीक मैल गाठणाऱ्यास वर्षभराचा विशेष दर्जा मिळू लागला. मग स्वस्त तिकीट शोधायचे, लांबचा वळसा घ्यायचा आणि उतरताच परतायचे, अशी ‘मायलेज रन’ची रीत पडली.

३/ कंपन्यांना हवी होती निष्ठा. मोजले जात होते अंतर. प्रवाशांनी अंतरच स्वस्तात मिळवले.

४/ २०१४ पासून डेल्टाने अमेरिकेतील सदस्यांच्या दर्जासाठी खर्चाची अट जोडली. २०२४ पासून तर मुख्यतः खर्चच मोजला जातो. स्वस्त तिकिटावर दूर उडून दर्जा मिळवण्याची वाट तिथे बरीचशी बंद झाली.