खग्रासाचा बेत

लग्नाचा मुहूर्त टळतो, आगगाडी चुकते, नळाचं पाणी तर आमच्या आळीत रोज चुकायचं. चुकत नाही ते फक्त ग्रहण. पंचांगात छापलेल्या मिनिटाला चंद्र सूर्यासमोर येऊन उभा राहतो. त्याला रजेचा अर्ज करावा लागत नाही की घरच्यांना विचारावं लागत नाही. घोळ होतो तो आपल्या बाजूनं. हे मी अधिकारवाणीनं सांगू शकतो, कारण १९८० सालापासून मी खग्रास सूर्यग्रहण पाहायला जायचे बेत करत आलो आहे. बेत करण्यात माझा हात धरणारा अजून मला भेटलेला नाही. बेत तडीस नेणारे मात्र पुष्कळ भेटतात.

'ग्रहण बघायला गावाला कशाला जायचं? ते काय गच्चीवरून दिसत नाही?' असं तुम्ही म्हणाल. आमच्या कचेरीतले सगळे हेच म्हणाले होते. पण गच्चीवरून दिसतं ते बहुधा खंडग्रास. खग्रास दिसतं ते चंद्राच्या सावलीचा शे-दीडशे किलोमीटर रुंदीचा पट्टा जिथून सरकतो तिथूनच. एकाच गावात बसून राहिलं, तर त्या गावाची पाळी सरासरी पावणेचारशे वर्षांतून एकदा येते. एवढी रजा शिल्लक कुणाची असते? शिवाय सूर्य नव्याण्णव टक्के झाकला गेला तरी उरलेला एक टक्का पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा काही हजार पट झगझगीत असतो. सूर्याभोवतीचं ते मोत्यासारखं प्रभामंडल दिसायला शंभरच टक्के लागतात. नव्याण्णवाला पास करत नाहीत, अशी ही एकच परीक्षा.

तर १६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. सावली कारवार-अंकोल्याकडून भारतात शिरून, रायचूरवरून तिरकी जात, पुरी-कोणार्कजवळ समुद्रात उतरणार होती. रायचूर म्हणजे पुण्याहून सरळ गाडी. मी चार महिने आधीपासून तयारीला लागलो. नकाशावर दोरा ताणला, गाडीचं वेळापत्रक पाठ केलं, काचेवर काजळी धरली. (अशा काचेतून सूर्याकडे बघणं धोक्याचं, हे पुढे कळलं. तेव्हा कळलं असतं तर बेतातला एक आयटेम कमी झाला असता.) साहेबांनी रजा दिली. सगळं जुळलं.

एवढंच जुळलं नाही, की घरात सौभाग्यवतींना सातवा महिना लागला होता.

आईनं फतवा काढला. "ग्रहणात चिरायचं नाही, शिवायचं नाही, झोपायचं नाही. तिनं मधल्या खोलीत स्वस्थ बसायचं. आणि तू रे, असल्या दिवशी घर सोडून निघालास कुठे?" मी लगेच एक संत्रं, एक लिंबू आणि टेबलावरचा दिवा घेऊन शास्त्रीय व्याख्यान दिलं. आईनं ते शांतपणे ऐकलं आणि शेवटी संत्रं सोलून सुनेला खायला दिलं.

ही मात्र म्हणाली, "तुम्ही जा हो. मी आहे की आईंपाशी." शुक्रवारी रात्री तिनं दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा भरून दिला. डबा नीट बसलाय ना हे बघायला मी झाकण उघडलं, तर दशम्यांवर तुळशीचं एक पान ठेवलेलं. ही बी. एस्सी. झालेली. संत्र्या-लिंबाच्या व्याख्यानात माझ्या दोन चुका तिनंच दुरुस्त केल्या होत्या. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "असू दे. आपलं उगीच." त्या 'उगीच'पुढे माझं सगळं खगोलशास्त्र थकलं. घाबरली होती ती, आणि मला तसं सांगणार नव्हती. मी पिशवी खाली ठेवली. रायचूरच्या दशम्या आम्ही पुण्यातच खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आम्ही तिघं मधल्या खोलीत, खिडक्या बंद. आई जप करत होती. मी घड्याळाकडे बघून रायचूरला आत्ता काय चाललं असेल याची आठवण दर पाच मिनिटांनी देत होतो. एवढ्यात आई म्हणाली, "अगं, ही चंद्रकोर कुठून आली?" पश्चिमेच्या खिडकीच्या फळीला एक बारीक भोक होतं. त्यातून आलेला कवडसा समोरच्या भिंतीवर पडला होता आणि तो गोल नव्हता. रुपयाएवढी रेखीव कोर होती ती. बारीक भोकातून सूर्याची प्रतिमाच भिंतीवर उमटते, हे मला ठाऊक होतं. पण चार महिन्यांच्या बेतात आमच्या खिडकीच्या भोकाला मी जागाच ठेवली नव्हती. कोर बारीक होत गेली, मग हळूहळू पुन्हा भरत आली. आईनं सबंध ग्रहण पाहिलं, जपात खंड न पाडता. हिनं माझा हात धरला होता तो तेवढा वेळ सोडला नाही. एप्रिलमध्ये लेक झाली, ठणठणीत.

पण गेलं ते गेलंच. मग मी ग्रहणाच्या मागे धावलेल्या लोकांबद्दल वाचू लागलो. जे आपल्याला जमलं नाही ते दुसऱ्याला कसं जमलं हे वाचण्यात समाधान असतं. त्यालाही जमलं नसेल तर जास्तच.

या बाबतीत पिएर जान्सेन हा फ्रेंच गृहस्थ आपला माणूस. १८७० साली पॅरिसला प्रशियन फौजेचा वेढा पडलेला आणि याला २२ डिसेंबरचं ग्रहण गाठायचं होतं अल्जीरियात. गडी २ डिसेंबरला बलूनमध्ये बसून शत्रूच्या डोक्यावरून निसटला आणि वेळेवर ओरानला पोचला. ग्रहणाच्या वेळी तिथे ढग! त्याच ग्रहणासाठी इंग्लंडहून निघालेल्या नॉर्मन लॉकियरचं जहाज सिसिलीजवळ खडकावर आपटलं. माणसं वाचली, पण ग्रहणाच्या वेळी ढगांनी त्यांनाही सोडलं नाही. हे वाचल्यावर माझी तुळशीच्या पानाबद्दलची तक्रार जवळजवळ मिटली.

हे लॉकियरसाहेब आपल्या कोकणातले म्हणून ओळखले जातात. विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' दाखवतात आणि १८६८ च्या ग्रहणात साहेबानं इथूनच हेलियम शोधला, असं सांगतात. मीही सांगायचो. एकदा सगळे मिळून विजयदुर्गाला गेलो असताना मी कट्ट्यावर उभा राहून हे व्याख्यान रंगात आणलं होतं. लेक तेव्हा कॉलेजात होती. ती म्हणाली, "बाबा, ते ग्रहण १८ ऑगस्टचं ना? ऑगस्टात इथे पावसानं छत्री उघडी राहत नाही. साहेब ग्रहण बघणार कसा?"

घरी येऊन पुस्तकं काढली. पोरीचं बरोबर होतं. १८६८ ची सावली विजयदुर्गाच्याच बाजूनं आत शिरली खरी, पण त्या वर्षी लॉकियर इंग्लंडातच होता. जान्सेन होता गुंटूरला. जमखंडीच्या पटवर्धनांच्या संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल, म्हणजे युरेनस शोधणाऱ्या हर्शेलचा नातू, ढगांच्या फटीतून सूर्य शोधत बसला होता. गुंटूरला जान्सेनला सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांच्या वर्णपटात इतक्या तेजस्वी रेषा दिसल्या, की त्याला वाटलं, या बघायला ग्रहण हवंच कशाला? दुसऱ्या दिवशी सकाळी लखलखीत उन्हात त्यानं त्या पुन्हा पाहून दाखवल्या. तिकडे लॉकियरनं २० ऑक्टोबरला घरबसल्या, ग्रहणाशिवाय, तीच गोष्ट साधली. जान्सेनचं पत्र बोटीनं यायचं, लॉकियरचं खाडीपलीकडून. दोन्ही पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला, दाखल झाली. फ्रेंच सरकारनं पुढे दोघांचे चेहरे असलेलं एकच पदक पाडलं. त्यातली एक पिवळी रेषा कुठल्याच ठाऊक मूलद्रव्याची नव्हती. लॉकियरनं त्या नव्या द्रव्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम म्हटलं. पृथ्वीवर ते सापडायला १८९५ साल उजाडलं.

मग साहेब विजयदुर्गाला कधी आला? १८९८ साली. त्याआधी १८७१ मध्ये तो हिंदुस्थानात येऊन बेकलच्या समुद्रकिल्ल्यावरून ग्रहण बघून गेला होता. १८९६ साली पार नॉर्वेच्या टोकाला गेला, तर तिथे ढग. आणि २२ जानेवारी १८९८ ला विजयदुर्ग. मेल्पोमिनी या आरमारी जहाजावरचे खलाशी त्यानं हाताशी घेतले, त्यांच्याकडून दुर्बिणींची कवायत करून घेतली आणि दोनेक मिनिटांसाठी सगळे सज्ज राहिले. आकाश निरभ्र! म्हणजे जो साहेब घरी बसून हेलियमचा धनी झाला, तो तीस वर्षांनी, साठी ओलांडल्यावर, नॉर्वेचे ढग विसरून कोकणात आला होता. मला तर दंतकथेतल्या लॉकियरपेक्षा हा खरा जास्त जवळचा वाटला.

त्याच पुस्तकात पुढचा धक्का होता. १८९८ चं हेच ग्रहण पाहायला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला तळ ठोकून होते जेऊरला. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्बेलही तिथेच, चाळीस फुटी कॅमेरा घेऊन आलेले. मुंबई-पुण्यात प्लेगचा कहर चालू असताना! जेऊर म्हणजे दौंड आणि कुर्डुवाडीमधलं ते जेऊर. माझी सासुरवाडी सोलापूरची. त्या स्टेशनावरून मी शेकडो वेळा गेलो आणि प्रत्येक वेळी मनात आलं ते एवढंच, की या गावाच्या नावानं भूक लागते. रायचूरची गाडीही त्याच रुळांवरून जायची. पिशवी खाली ठेवली नसती, तरी जेऊर मी झोपेतच ओलांडलं असतं.

पुढचे बेतही सांगून टाकतो. २४ ऑक्टोबर १९९५ ला राजस्थानात मिनिटभराचं खग्रास होतं. पण ते आलं ऐन दिवाळीत, आणि दिवाळीत घर सोडायचं बळ माझ्यात नाही. ११ ऑगस्ट १९९९ ला गुजरातेत होतं, तेव्हा आई अंथरुणाला खिळली होती. "जा रे या वेळी," ती म्हणाली, "भिंतीवर येईल तेवढं मी बघीन." नाही गेलो. शेवटी २२ जुलै २००९ ला लेकीनंच तिकिटं काढली आणि आम्ही तिघं सुरतेला पोचलो. पहाटे एका गच्चीवर उभे राहिलो. आमच्या डोक्यावर ढगांची गोधडी. सूर्य दिसला नाही तो नाहीच. पण सहा वाजून वीस-एकवीस मिनिटांनी नुकतं उजाडलेलं सगळं कुणीतरी काढून घ्यावं तसा अंधार पडला. कावळे गप्प झाले. सगळ्या गच्च्यांवरून एकदम 'हो' असा आवाज उठला. तीन मिनिटांनी पुन्हा उजाडलं. बघतो तर हिनं एका हातानं माझा हात धरलेला, दुसऱ्या हातानं लेकीचा.

परवा लेकीचा फोन आला. "बाबा, आपलं सुरतेचं ग्रहण परत येतंय." मला आधी थट्टाच वाटली. पण ग्रहणांचीही घराणी असतात. १८ वर्षं, ११ दिवस आणि सुमारे ८ तास झाले की सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ पूर्वीच्याच मांडणीत येतात आणि त्याच घराण्यातलं पुढचं ग्रहण लागतं. ते वरचे ८ तास पृथ्वी फिरत राहते, म्हणून ते पश्चिमेकडे सरकतं. २२ जुलै २००९ नंतरची तारीख निघते २ ऑगस्ट २०२७, आणि सावली जाते इजिप्तमधल्या लक्सरवरून. अंधार सहा मिनिटांहून अधिक. ज्यानं आम्हाला सुरतेला तोंड दाखवलं नाही, तेच घराणं पुन्हा बोलावतंय म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? मी नकाशा काढला. दोरा शोधतो आहे.

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, त्या लक्सरला ऑगस्टात पाऊस असतो का?"

"अगं, वाळवंट ते. तिथे पाऊस कसला?"

"तरी एक छत्री घेते," ती म्हणाली. "आपली उगीच."