नालंदा येथील परदेशस्थ विद्यार्थ्यांचा योगक्षेम

परदेशांतून आलेल्या विद्यार्थ्याच्या निर्वाहाची तरतूद विद्यापीठानें करावी, ही कल्पना अर्वाचीन होय असा समज रूढ आहे. तो निराधार आहे, हें दाखविण्यासाठीं तीन साधनें आम्ही येथें मांडतों.

पहिलें साधन ह्युएनत्संगचें चरित्र. इ. स. ६४५ त स्वदेशीं परतलेल्या या चिनी भिक्षूनें नालंदा येथें शीलभद्रापाशीं अध्ययन केलें. प्रवेश सुलभ नव्हता. द्वारींच्या प्रश्नांस उत्तरें न आल्यामुळें दहांपैकीं सात-आठ जण परत फिरत, असें तोच सांगतो. प्रवेश मिळाल्यावर मात्र चरितार्थाची विवंचना उरत नसे. त्याला प्रत्यहीं १२० जंबीर फळें, २० सुपाऱ्या, २० जायफळें, कापूर व महाशाली तांदूळ मिळत. हा मान थोर अतिथीचा; त्यावरून सामान्य विद्यार्थ्याच्या शिध्याचें अनुमान करणें युक्त नव्हे. परंतु हा खर्च १०० गांवांच्या उत्पन्नांतून चाले, ही चरित्रांतील माहिती सर्वांसच लागू आहे.

दुसरें साधन इत्सिंगचे ग्रंथ. हा ६७१ त निघाला व ६९५ त परतला. वाटेंत श्रीविजय येथें सहा महिने राहून त्यानें शब्दविद्येचा अभ्यास केला. भारतांत येऊं इच्छिणाऱ्यांनीं तेथें एक-दोन वर्षें पूर्वाभ्यास करावा, असा त्याचा उपदेश आहे. नालंदाच्या गांवांची संख्या तो २०० हून अधिक देतो. श्रीगुप्त नामक राजानें पूर्वीं चिनी भिक्षूंकरितां विहार बांधून २४ गांव दिल्याची परंपराही त्यानेंच नोंदविली आहे. त्याच्या काळीं तेथें केवळ पायाच्या विटा उरल्या होत्या आणि जमीन देववर्मा राजाकडे गेली होती. चिनी भिक्षु पुन्हां येतील तर आपण विहार उभारून गांव परत देऊं, असें हा राजा म्हणत असे.

तिसरें साधन १९२१ सालीं नालंदाच्या उत्खननांत सांपडलेला देवपालाचा ताम्रपट. सुवर्णद्वीपाचा राजा बालपुत्रदेव यानें नालंदा येथें विहार बांधविला आणि त्याच्या विनंतीवरून देवपालानें राजगृह विषयांतील ४ व गया विषयांतील १ असे ५ गांव त्यास दिले. हा विहार सुवर्णद्वीपाच्या विद्यार्थ्यांसाठींच होता, असें पुष्कळदां लिहिलें जातें. ताम्रपटांत तसें नाहीं. दान आहे तें चारी दिशांच्या भिक्षुसंघास. आणि अन्न, वस्त्र, शय्या, औषध, ग्रंथलेखन व इमारतीची डागडुजी हीं त्याचीं प्रयोजनें होत. त्या द्वीपाच्या भिक्षूंस तेथें आश्रय मिळत असावा, हें संभवनीय आहे. पण तें अनुमान होय, लेखांतील विधान नव्हे.

हा भेद क्षुल्लक नव्हे. श्रीगुप्ताचें दान एका देशाच्या लोकांपुरतें होतें. ते येईनासे झाल्यावर त्याचें प्रयोजनच सरलें, हें देववर्म्याच्या अटीवरून उघड होतें. बालपुत्रदेवाच्या दानास अशी मर्यादा नव्हती. २०१० च्या कायद्यान्वयें राजगीर येथें नालंदा हें नांव धारण करणारें विद्यापीठ स्थापन झालें आहे. परदेशस्थांस बोलाविण्यापूर्वीं त्यांच्या भाषेची, अन्नाची, औषधाची व ग्रंथांची व्यवस्था कोणत्या स्थिर उत्पन्नावर चालावयाची, हा प्रश्न अशा प्रत्येक संस्थेपुढें आहे. नालंदानें तो जमिनीच्या दानपत्रांनीं सोडविला होता.