दशलक्ष लोकांमागे किती न्यायाधीश?

१९८७ साली न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १२० वा अहवाल दिला. विषय होता न्यायसंस्थेच्या मनुष्यबळाचे नियोजन. तेव्हा देशात दर दशलक्ष लोकांमागे साडेदहा न्यायाधीश होते. आयोगाने सुचविले की, हे प्रमाण पाच वर्षांत ५० आणि इ. स. २००० पर्यंत १०७ व्हावे.

१०७ हा आकडा अमेरिकेचा होता, तोही १९८१ चा. उसनी मोजपट्टी, परंतु ती निष्काळजीपणाने घेतलेली नव्हती. खटल्यांची विश्वासार्ह देशव्यापी आकडेवारी त्या काळी मिळणे कठीण. जनगणना मात्र हाताशी होती.

या मोजपट्टीतील उणीव लवकरच उघडी पडली. १ एप्रिल १९८९ पासून न वटलेला धनादेश देणे हा परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी गुन्हा ठरला. हेतू व्यापारातील विश्वास वाढविण्याचा. मात्र या नव्या गुन्ह्याचे खटले कोणी आणि किती न्यायालयांत चालवायचे, याची तजवीज कायद्यासोबत झाली नाही. २००८ च्या विधी आयोगाच्या अहवालात अशा प्रलंबित खटल्यांची संख्या ३८ लाखांहून अधिक नोंदवलेली आहे. हा पूर लोकसंख्यावाढीने आलेला नव्हता. तो संसदेच्या एका दुरुस्तीने आणला होता. दंडाधिकाऱ्यासमोर तारखांमागून तारखा घेणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला त्याची झळ बसली.

२००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ‘५०’ चेच लक्ष्य ठेवले. पुढे २०१४ मध्ये न्यायमूर्ती ए. पी. शहा यांच्या आयोगाने २४५ व्या अहवालात ही पद्धत नाकारली. केरळमध्ये हजार लोकांमागे वर्षाला सुमारे २८ नवी प्रकरणे दाखल होत, झारखंडात जेमतेम ४. मग दोन्हीकडे एकच प्रमाण लावायचे कशासाठी? एक न्यायाधीश वर्षाला किती प्रकरणे निकाली काढतो, नवी किती येतात आणि थकबाकी किती वर्षांत संपवायची, यावरून पदे ठरवावीत, असे आयोगाने सुचविले.

हाही हिशेब पुरा नव्हता. खुनाचा खटला आणि वाहतूक दंडाचे प्रकरण दोन्ही ‘एक’ म्हणून मोजले, तर अंदाज चुकणारच. म्हणून २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरणाच्या स्वरूपानुसार भारांक देण्याच्या पद्धतीकडे मोर्चा वळविला.

संसदेतील उत्तरांत मात्र जुनीच मोजपट्टी टिकून आहे. अलीकडच्या उत्तरांत दशलक्षामागे सुमारे २१ न्यायाधीश असल्याचे सांगितले गेले. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची, आणि न्यायाधीश म्हणजे मंजूर पदे, मग त्यातील कित्येक खुर्च्या रिकाम्या का असेनात.