पोतदाराचा कान

पोतदार आडनावाची माणसं गावोगावी भेटतात, पण पोतदाराचं काम पाहिलेलं आता कुणी उरलेलं नाही. शेतसारा भरायला कुणबी चावडीवर आला, की त्याचे रुपये आधी पोतदाराच्या हातात पडत. पोतदार बहुधा जातीनं सोनार. नाणं खरं की खोटं आणि खऱ्यात हीण किती, हे त्यानं सांगायचं. त्याबद्दल गावानं त्याचा हक्क द्यायचा. आमच्या घरी सराफी होती, म्हणून या माणसाविषयी मला आतून जिव्हाळा वाटतो.

पेशवाईत त्याची खरी कसोटी लागे. पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदोरी, सुरती, मल्हारशाही असे कितीतरी रुपये एकाच बाजारात फिरत. प्रत्येकाचा कस निराळा, म्हणून नाणं बदलताना कापला जाणारा बट्टाही निराळा. बऱ्याच टांकसाळी खासगी माणसांकडे होत्या, आणि मिश्रणात तांबं थोडं वाढवलं की त्यांचा नफा वाढे. धारवाडकडे जमीनदारांच्या टांकसाळींतून अशी हलकी नाणी निघू लागली. अखेर त्या बंद करून एकच टांकसाळ ठेवावी लागली, असं न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी अमलातल्या नाण्यांवरच्या निबंधात नोंदवलं आहे. शेवटी बट्ट्याचा भुर्दंड पडे तो शेतकऱ्यावरच.

1835 साली कंपनी सरकारनं आपल्या सगळ्या मुलखात एकच रुपया आणला. वजन 180 ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. आता तराजूच्या एका पारड्यात खात्रीचा रुपया ठेवला, की दुसऱ्यातला लबाड लगेच उघडा पडे. पण माझे आजोबा तराजूपर्यंत क्वचितच जात. रुपया बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्यानं कडेला हलकी टिचकी द्यायची. ‘‘आधी ऐक, मग बघ,’’ म्हणायचे. चांदीचा नाद लांबत जातो. शिसं-कथिलाचा रुपया बद्द वाजतो. मग बोट कडेवरून फिरवायचं. साच्यात ओतलेल्या नाण्याचे दाते बोथट असतात, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात, कधी कडेला जोडाची रेघ सापडते. खात्री पटली की काही सराफ नाण्यावर आपला बारीक ठसा मारत. जुन्या रुपयांवर असे ठसे आजही दिसतात, आणि संग्राहक त्यांना खोट म्हणतात याचं मला वाईट वाटतं. ती तर एका जाणत्या माणसाची सही आहे!

1893 साली मात्र पेच पडला. तोवर कुणीही चांदी टांकसाळीत नेऊन रुपये पाडून घेऊ शकत असे; सरकारनं ते बंद केलं. रुपयाची किंमत त्याच्यातल्या चांदीहून वर राहिली. म्हणजे अस्सल चांदीचा खोटा रुपया पाडूनही नफा सुटण्याची सोय झाली! असं नाणं कसोटीवर उतरणार, तराजूवर उतरणार, कानालाही फसवणार. आता धातू ओळखून भागणार नव्हतं, ठसा ओळखावा लागणार होता. माझ्या मते पोतदाराची विद्या खरी संपली ती इथे. 1940 च्या रुपयात चांदी निम्म्यावर आली, बाकी तांबं, निकेल आणि जस्त. तेव्हा दात्यांच्या मधोमध खाच असलेली कड आली, ती नक्कल करणाऱ्याला अवघड जावी म्हणून. 1947 चा रुपया तर शुद्ध निकेलचा, लोहचुंबकाला चिकटणारा.

आज पारख गेली आणि नुसता संशय उरला आहे. रुपयाचं चिन्ह नाही किंवा चित्र वेगळं आहे, एवढ्यावरून भाजीवाल्या मावशींचं दहाचं नाणं परत केलं जातं. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी 2018 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे, की दहाच्या नाण्याचे तोवर निघालेले चौदाही नमुने चालतात. तेव्हा कुणी असं नाणं पुढे केलं, तर कृपा करून ते घ्या.