ओव्हल मैदान, १९६४

'मिशन' हा शब्द आपण मराठीत चांगला मुरवून घेतला आहे. मिशनची शाळा, मिशनचे हॉस्पिटल, रामकृष्ण मिशन. आता तर सरकारी योजनाही 'मिशन'च असतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ अगदी साधा आहे - पाठवणे. पण 'मिशनरी' म्हटले की आपल्या घरांतून भुवया जरा वर जातात, हे मान्य करायला हवे. गेल्या महिन्यात आमच्याकडे सगळी मंडळी जमली असताना हा विषय निघाला आणि बघता बघता आवाज चढले. दोन्ही बाजूंना मते भरपूर होती, इतिहास थोडा. म्हणून आज हे लिहितो आहे. त्या दिवशीच्या मंडळींनी अवश्य वाचावे.

भुवया वर जातात त्या उगाच नाही. १५३४ च्या तहाने वसई, साष्टी आणि मुंबईची बेटे पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि सत्तेच्या पाठोपाठ पाद्री आले. बोरिवलीजवळची मंडपेश्वरची शिवाची लेणी फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी चर्चसाठी घेतली; वरचे पडके बांधकाम अजून उभे आहे, जाऊन पाहावे. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होते. त्याच गोव्यात १५७९ साली फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट आला, आपली भाषा शिकला आणि ख्रिस्ताची कथा ओवीत बांधली. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. मी वर्गात इन्क्विझिशन आणि क्रिस्तपुराण एकाच तासाला शिकवत असे. एकच सांगितले की मुले अर्धा इतिहास घेऊन घरी जातात.

गिरगावात वाढलेल्यांना हे पुस्तकातून कळण्याची गरज नव्हती. खोताची वाडी शेजारीच. तिथले ईस्ट इंडियन म्हणजे त्या जुन्या धर्मांतरितांचे वंशज. घरात मराठी बोली, लग्नात 'उंबराचं पाणी' आणायची रीत. 'ईस्ट इंडियन' हे नाव त्यांनी संघटना काढून घेतले ते १८८७ साली, राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवात, गोवा-मंगळूरकडून आलेल्या ख्रिस्ती मंडळींपेक्षा आपण वेगळे हे इंग्रज सरकारला कळावे म्हणून. म्हणजे नोकऱ्यांचा प्रश्न तेव्हाही होताच!

मुंबईच्या चर्चमध्ये आणखी एक तिढा होता. एक धर्माधिकारी पोर्तुगालच्या राजाच्या अधिकारातला आणि दुसरा थेट रोमचा, अशी दुहेरी व्यवस्था शंभर वर्षांहून अधिक चालली. १९२८ साली करार होऊन ती संपली. काय ठरले? मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा. भारतीयाचे नाव कुठेच नाही! आर्चबिशप रॉबर्ट्स हे इंग्रज जेझुइट. आपल्या जागी भारतीय माणूस यावा म्हणून ते १९४६ सालीच कारभार आपल्या भारतीय सहायकावर सोपवून निघून गेले. ते सहायक म्हणजे व्हॅलेरियन ग्रेशस. १९५० साली ते आर्चबिशप झाले आणि १९५३ साली पहिले भारतीय कार्डिनल. पद सोडून जाणाऱ्या रॉबर्ट्स यांच्याबद्दल मला नेहमी आदर वाटत आला आहे. अशी माणसे कुठल्याही धर्मात आणि कुठल्याही शाळेत थोडीच असतात. असो.

आता १९६४. नोव्हेंबरच्या अखेरीस ओव्हल मैदानावर कॅथलिकांची आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस भरली आणि २ डिसेंबरला पोप सहावे पॉल मुंबईत उतरले. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. आमच्या चाळीत दोन तट पडले होते, बघायला जाणारे आणि न जाणारे. आजी जाणाऱ्यांत. "साधू माणूस आहे ना? मग दर्शनाला काय हरकत?" अण्णा न जाणाऱ्यांत. त्यांचे म्हणणे, "हे पाहुणे म्हणून येतात की मोजदाद करायला, ते आधी कळू दे."

अण्णांची शंका एकट्याची नव्हती. त्याच वर्षी २९ ऑगस्टला, जन्माष्टमीच्या दिवशी, पवईच्या सांदीपनी साधनालयात विश्व हिंदू परिषदेची स्थापना झाली होती. मिशनऱ्यांच्या कामाची चिंता हे त्यामागचे एक कारण होतेच. एकाच शहरात चार महिन्यांच्या आत या दोन घटना घडल्या, आणि आपण त्या नेहमी वेगवेगळ्या सांगतो.

पोपनी मुंबईत काय केले? ३ डिसेंबरला इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना उद्धृत केली, आपल्या शाळांत रोज म्हटली जाणारी असतो मा. दुसऱ्या दिवशी जगातल्या राष्ट्रांना आवाहन केले की शस्त्रांवरच्या खर्चाचा काही भाग गरिबांसाठीच्या जागतिक निधीत द्या. जाताना आपली लिंकन मोटार मदर तेरेसांना देऊन गेले. त्यांनी ती सोडतीत काढून पैसे कुष्ठरोग्यांसाठी लावले. (ही गोष्ट आजीला फार आवडली होती.)

रोममध्ये तेव्हा दुसरी व्हॅटिकन परिषद चालू होती. तिने पुढच्या वर्षी, १९६५ च्या ऑक्टोबरात, जाहीर केले की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. डिसेंबरात धर्मस्वातंत्र्याचा आणि मिशनकार्याचा असे दोन दस्तऐवज एकाच दिवशी निघाले. मिशनकार्याच्या दस्तऐवजात सक्तीने वा आमिष दाखवून धर्मांतर करायला स्पष्ट मनाई आहे. पण त्याच दस्तऐवजात असेही आहे की चर्च हे स्वभावतःच मिशनरी आहे. इथेच खरी मेख आहे. संवाद हवा आणि प्रचारही सोडायचा नाही. १९९९ साली दिल्लीत पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिसऱ्या सहस्रकात आशियात श्रद्धेचे मोठे पीक यावे अशी प्रार्थना केली, तेव्हा अण्णांसारखी शंका घेणारे पुन्हा जागे झाले, आणि त्यात नवल नाही. पोप फ्रान्सिस मात्र २०१३ साली लिहून गेले की चर्च माणसे ओढून आणल्याने वाढत नाही, त्याच्याकडे आकर्षित होऊन आल्याने वाढते.

कायद्याचेही सांगायला हवे. १९५६ साली मध्य प्रदेशात न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या समितीने मिशनऱ्यांच्या कामावर कडक अहवाल दिला. त्याच वर्षी नागपूरला हेच नियोगी डॉ. आंबेडकरांसोबत बौद्ध झाले. धर्म बदलण्याला त्यांचा विरोध नव्हता, रीतीला होता, असे मी समजतो. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की धर्माच्या प्रचाराचा हक्क आहे, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नाही. निकाल ज्या खटल्यात लागला तो एका पाद्र्याचाच होता.

मग आज मिशन म्हणजे काय? कागदापेक्षा माणसे बघावीत. भायखळ्याच्या आशा दानमध्ये टाकून दिलेली मुले आणि आजारी माणसे सांभाळतात. माझ्या मते कसोटी एकच: मदत घेणाऱ्याला पुढे काही फेडावे लागते का? लागत असेल तर अण्णा बरोबर. लागत नसेल तर आजी.

आणि वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, हरित वसईच्या चळवळीतले कार्यकर्ते. जमीन आणि पाणी वाचवण्यासाठी लढताना त्यांच्यामागे हिंदू-ख्रिस्ती दोन्ही शेतकरी होते. त्यांनी बायबल आजच्या मराठीत आणले, 'सुबोध बायबल', आणि त्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून काही संघटनांनी विरोध केला. प्रकृती बरी नसताना ते गेले आणि भाषण केले. २५ जुलै २०२४ ला ते गेले.

त्यांचे सुबोध बायबल माझ्या कपाटात आहे, क्रिस्तपुराणाची देवनागरी आवृत्ती त्याच्याच शेजारी. नातेवाईकांपैकी कुणाला वाचायचे असेल तर घेऊन जावे. परत मात्र करावे.