टोचल्याचा दाखला

फोनच्या गॅलरीत जरा मागे सरकत जा, २०२१च्या ऑगस्टपर्यंत. मुंबईत नोकरी करणाऱ्या बऱ्याच जणांना तिथे एक स्क्रीनशॉट सापडेल. नाव, फोटो, क्यूआर कोड. हा ‘युनिव्हर्सल पास’. १५ ऑगस्ट २०२१पासून लोकल सामान्य प्रवाशांसाठी पुन्हा उघडली, पण दोन्ही डोस झालेल्यांसाठीच, आणि दुसऱ्या डोसवर १४ दिवस उलटले असतील तरच. लस घ्यायची की नाही हे कागदावर तुमच्या हातात होतं. पण बदलापूरला राहून परळला कामाला जायचं असेल तर हातात फारसं काही उरत नव्हतं.

तेव्हा सगळ्यांना ही गोष्ट अगदी नवी वाटली. ती नवी नव्हती. या पासचा खापरपणजोबा सव्वाशे वर्षांपूर्वी याच मुंबई इलाख्यात जन्मला होता. तेव्हा क्यूआर कोड नव्हता, कागदाचा चिटोरा होता, आणि त्याच्याशी ज्यांचा संबंध आला त्यात आमच्याकडची माणसं पुष्कळ होती.

मी नांदगावची. मुंबई-गोवा हायवेवर कणकवलीच्या अलीकडे देवगडला जाणारा फाटा फुटतो तो आमचा तिठा. आजचा सिंधुदुर्ग १९८१ साली वेगळा झाला. त्याआधी हा सगळा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात होता आणि मुंबईच्या कापडगिरण्यांना सर्वांत जास्त माणूस पुरवणारा जिल्हा हाच. मालवण, देवगड, विजयदुर्गच्या बंदरांतून बोटीत बसायचं आणि गिरणगावात उतरायचं. चाकरमानी हा शब्द आमच्याकडे आडनावासारखा वापरला जातो. म्हणून कामाच्या जागी लसीची सक्ती असावी का, या वादाकडे मी गिरणीच्या फाटकातून बघते.

ग्रंथिक सन्निपात

सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिला रुग्ण ओळखला. ब्युबॉनिक प्लेग, तेव्हाच्या मराठीत ग्रंथिक सन्निपात. काखेत, जांघेत गाठ येते, ताप चढतो, काही दिवसांत माणूस जातो. सरकारनं जे सुचलं ते केलं: घरांची झडती, आजाऱ्याला उचलून इस्पितळात, घरच्यांना छावणीत, सामानाची होळी. फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोग कायदा आला. कोविडच्या काळात सरकारनं जो वापरला तो हाच.

लोक दोनच गोष्टी करू शकत होते. त्यांनी दोन्ही केल्या. ऑक्टोबर १८९६मध्ये गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावानं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. आत नेलेला माणूस जिवंत परत येत नाही अशी त्यांची खात्री झाली होती. आणि ज्यांना जमलं ते गावी पळाले. साडेआठ लाखांच्या आसपास वस्तीच्या शहरातून काही महिन्यांत लाखो माणसं निघून गेली.

मग गिरणीमालकांची पंचाईत झाली. एरवी कामगाराचा पगार महिना-दीड महिना अडकवून ठेवायची पद्धत होती, म्हणजे तो काम सोडून जाऊ नये. आता तोच मालक रोजच्या रोज मजुरी हातावर ठेवायला तयार झाला. नाक्यानाक्यावर कामगारांची बोली लागल्याच्या नोंदी आहेत. कामगाराच्या ‘निवडी’ला मुंबईत किंमत आली ती अशी, माणसं मिळेनाशी झाल्यावर.

भायखळ्याचा तुरुंग

वाल्देमार हाफकिन ऑक्टोबर १८९६मध्ये मुंबईत आला. ओदेसाचा ज्यू, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेला. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत त्यानं प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दंड दुखला, तो बरा झाला.

जानेवारी संपता संपता भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या जवळजवळ निम्म्या कैद्यांनी लस घेतली, बाकीच्यांनी घेतली नाही. न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला, ६ गेले. घेतलेल्यांत २ जणांना झाला, एकही गेला नाही. लस उपयोगी आहे हे दाखवणारा हा पहिला मोठा पुरावा.

कैदी स्वेच्छेनं पुढे आले असं अहवाल सांगतात. आलेही असतील. पण तुरुंगात ‘स्वेच्छा’ या शब्दाला कितपत अर्थ असतो? त्याआधी हाफकिननं कॉलऱ्याची लस आणली तेव्हाही ती टोचली गेली ती सैन्यात, तुरुंगांत आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांना. या सगळ्या जागांत एक साम्य आहे: फाटकाची किल्ली दुसऱ्याच्या हातात असते. माणसं एका जागी सापडतात, मोजता येतात, त्यांच्यावर लक्ष ठेवता येतं. विज्ञानाला याची गरज असते आणि त्यातून खरोखर जीव वाचतात. पण नकार देणं जिथे सर्वांत अवघड, तिथेच लस सर्वांत आधी पोचली, हेही त्याच इतिहासात आहे.

हुबळीचा चिटोरा

१८९८मध्ये प्लेग हुबळीत पोचला. हुबळी तेव्हा मुंबई इलाख्यात होती. गावात सूतगिरणी होती, सदर्न मराठा रेल्वेचा मोठा वर्कशॉप होता. सिव्हिल सर्जन डॉ. लॉयमन यांनी तिथे हजारो माणसांना लस टोचली. त्या वेळच्या सर्वांत मोठ्या मोहिमांपैकी ही एक.

सरकारनं लस कायद्यानं सक्तीची केली नाही. आदल्या वर्षी जूनमध्ये पुण्यात रँडचा खून झाला होता, मार्च १८९८मध्ये मुंबईत दंगल झाली होती. आणखी जोर लावायची हिंमत उरली नव्हती. त्याऐवजी दाखला आला. ज्यानं टोचून घेतलं त्याला कागद मिळायचा आणि तो दाखवला की छावणीत राहण्यातून, प्रवासातल्या अडवणुकीतून सूट. ज्यानं नाही घेतलं त्याला कोणी मारत नव्हतं, फक्त त्याचे दिवस छावणीत जात होते. हातावर पोट असलेल्याला हा फरक नीट कळतो.

हाफकिनच्या लसीनं चांगलाच ताप यायचा, अंग दुखायचं, दंड सुजायचा. साच्यावर उभं राहणाऱ्या माणसाचा एक-दोन दिवसांचा रोज बुडायचा. म्हणजे लसीची किंमत शून्य नव्हती. ती कामगाराच्या खिशातून जात होती, आणि वाचलेल्या कामगाराचा फायदा गिरणीलाही होत होता.

याच्या उलट उदाहरणही मुंबईतच आहे. तिसरे आगाखान तेव्हा विशीत होते. त्यांनी हाफकिनला प्रयोगशाळेसाठी आपली खुश्रू लॉज ही वास्तू दिली आणि आपल्या लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली. खोजा समाजातल्या हजारो माणसांनी मग लस घेतली. तिथे दाखल्याची भीती कमी आणि विश्वास जास्त होता. पुढाऱ्यानं आधी आपला दंड पुढे केला होता.

मलकोवालची बाटली

विश्वास किती महाग असतो ते ३० ऑक्टोबर १९०२ला कळलं. पंजाबात मलकोवाल गावी त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मेले. ते १९ जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. बाटली मुंबईच्या परळ प्रयोगशाळेतून गेली होती, म्हणून दोष हाफकिनवर आला आणि त्याला पदावरून दूर केलं गेलं. पुढे उघड झालं ते असं: बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. १९०७ साली रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी हाफकिनची बाजू जाहीरपणे घेतली तेव्हा कुठे त्याच्यावरचा डाग पुसला गेला. १९२५मध्ये परळच्या त्या संस्थेला त्याचं नाव दिलं गेलं. हाफकिन इन्स्टिट्यूट आजही तिथेच आहे.

हाफकिनला न्याय मिळाला, उशिरा का होईना. पण मला त्या १९ घरांचा प्रश्न पडतो. त्यांनीही सगळ्यांच्या भल्यासाठी दंड पुढे केला होता. सामूहिक जबाबदारी म्हणतात ती त्यांनी पार पाडली होती. समूहानं त्यांच्याबद्दलची जबाबदारी कशी पार पाडली?

लस कोणासाठी?

सक्ती न्याय्य आहे की नाही, हे त्या विशिष्ट लसीनं नेमकं काय होतं यावर बरंचसं ठरतं.

१८९८मध्येच पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत दाखवलं की प्लेग उंदरावरच्या पिसवांतून पसरतो. पुढे परळच्याच प्रयोगशाळेत त्यावर सविस्तर काम झालं. म्हणजे गाठीच्या प्लेगात माझ्यापासून शेजारच्या साच्यावरच्या माणसाला धोका फारसा नव्हताच, दोघांनाही धोका चाळीतल्या उंदरांचा होता. हाफकिनची लस मुख्यतः घेणाऱ्याला वाचवत होती. ती घेणं शहाणपणाचं होतं. पण तू घेतली नाहीस तर दुसऱ्याला मारशील, हा युक्तिवाद तिथे लागू नव्हता. खरी सामूहिक जबाबदारी होती ती चाळी सुधारण्याची, आणि ती कामगाराची नव्हती.

देवीचं तसं नव्हतं. देवी माणसाकडून माणसाकडे जाते. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं १९०५ साली जेकब्सनच्या खटल्यात देवीच्या लसीची सक्ती मान्य केली ती याच आधारावर. तिथेही लस नाकारण्याची शिक्षा पाच डॉलर दंड एवढीच होती.

कोविड या दोघांच्या मधे कुठेतरी पडला. लसीनं गंभीर आजार आणि मृत्यू खूप टळले. पण ओमायक्रॉन आल्यावर दोन डोस घेतलेलेही सर्रास आजारी पडू आणि पसरवू लागले. २ मे २०२२ला जेकब पुलियेल खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टानं नेमकं यावर बोट ठेवलं. कोणालाही बळजबरीनं लस देता येणार नाही, कारण स्वतःच्या शरीरावरचा हक्क घटनेच्या कलम २१मध्ये येतो. सरकार सार्वजनिक आरोग्यासाठी निर्बंध घालू शकतं, पण ते प्रमाणात हवेत. आणि लस न घेतलेल्यांकडून संसर्ग जास्त पसरतो हे दाखवणारी माहिती सरकारनं समोर ठेवलेली नाही, म्हणून रुग्णसंख्या कमी असेपर्यंत असे निर्बंध मागे घ्यावेत. लसीकरणाचं धोरण कोर्टानं चुकीचं ठरवलं नाही, हे मात्र सोयीनं विसरलं जातं.

दोन दिवसांचा पगार

२०२१मध्ये मी जिथे काम करत होते तिथे एक दिवस ग्रुपवर मेसेज आला: दोन डोस नसतील तर प्रवेश नाही. आम्हा पगारी लोकांना त्याचा त्रास नव्हता. आम्ही घरून काम करत होतो, आणि खाजगी हॉस्पिटलात ७८० रुपये भरून कोविशिल्ड घेणं आम्हाला परवडत होतं. अडकले ते कंत्राटदाराकडचे सफाईवाले, वॉचमन. कोविशिल्डच्या दोन डोसांत तेव्हा ८४ दिवसांचं अंतर होतं. जुलैच्या सुरुवातीला पहिला डोस मिळालेल्याला दुसरा सप्टेंबरच्या शेवटी मिळणार, त्यावर १४ दिवस. म्हणजे मनापासून लस हवी असलेल्यालाही ऑक्टोबरपर्यंत लोकल नाही. यात निवड कुठे होती?

त्यांच्यातला एक जण आमच्याच बाजूचा. मी त्याला विचारलं, घाबरतोस का? तो म्हणाला, “लस घेवक माका भ्या नाय. पण तापान पडलंय तर दोन दिसांचो पगार कोण देतलो?”

कोणीच दिला नाही. तरी त्यानं लस घेतली. आणि नोव्हेंबर २०२२मध्ये, लसीनंतर मृत्यू आल्याचा आरोप असलेल्या एका प्रकरणात, केंद्र सरकारनं सुप्रीम कोर्टात सांगितलं की लस ऐच्छिक होती, कायद्याची सक्ती नव्हती, त्यामुळे भरपाईची जबाबदारी सरकारवर येत नाही. लोकलच्या खिडकीवर सक्तीची असलेली लस कोर्टात पोचेपर्यंत ऐच्छिक झाली होती.

मी लस घेतली. पुन्हा वेळ आली तर घेईन, आणि घ्या म्हणून सहकाऱ्यांच्या मागेही लागेन. कॅन्सर वॉर्डातल्या नर्सनं रुग्णाकडे जाण्याआधी लस घ्यायलाच हवी, असंही माझं मत आहे. तिथे तिच्या नकाराची किंमत दुसरा मोजतो. पण सामूहिक जबाबदारी हा शब्द जेव्हा मालक किंवा सरकार वापरतं, तेव्हा त्यात त्यांचा वाटा किती ते विचारायला हवं. पुढच्या साथीत ऑफिसच्या ग्रुपवर असा मेसेज आला तर मी चार गोष्टी विचारीन. हा आजार माझ्याकडून शेजारच्या टेबलावर जातो का, आणि लसीनं ते किती थांबतं? तापाच्या दिवसांचा पगार मिळणार का, कंत्राटी माणसांना धरून? एखाद्याला खरंच अपाय झाला तर भरपाई कोण देणार? आणि जो नाही म्हणेल त्याला चाचणी, मास्क, वेगळी पाळी असा दुसरा काही मार्ग आहे, की थेट फाटक बंद?

या चारांची उत्तरं नीट मिळाली तर सक्तीची गरज फारशी पडत नाही, असा माझा अंदाज आहे. गिरणीतल्या माणसाला लसीची अक्कल नव्हती असं तेव्हाचे साहेब लिहीत राहिले. मला वाटतं, त्याला हिशेब चांगला येत होता. त्यात फक्त त्याच्याच नावावर खर्च मांडलेला होता.