लाल किल्ल्यातील खटला आणि अपराधाचे वाटप

शस्त्र एकाच्या हाती असते. परंतु ते तेथवर पोहोचेपर्यंत त्याला आणखी किती जणांचे हात लागलेले असतात, हा प्रश्न दंडशास्त्राइतकाच जुना आहे. १९४८ साली तो दिल्लीच्या लाल किल्ल्यात उभा राहिला. महात्मा गांधींच्या हत्येबद्दल खास न्यायाधीश आत्माचरण यांच्यापुढे आठ आरोपी होते, आणि त्यांपैकी बहुतेक मराठी होते.

३० जानेवारीस बिर्ला भवनात गोळ्या झाडल्या त्या नथुराम गोडसे याने. कट नव्हताच, कृत्य सर्वस्वी आपल्या एकट्याचे, असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयास ते पटले नाही. १८६० च्या दंडविधानाचे १०७ वे कलम गुन्ह्यास हातभार लावण्याच्या तीन वाटा सांगते : चिथावणी देणे, कट करून त्यानुसार कृती घडणे, आणि जाणूनबुजून साहाय्य करणे. मदनलाल पाहवा हा २० जानेवारीच्या स्फोटानंतर लागलीच पकडला गेला; हत्येच्या घटकेला तो कोठडीत होता. गोपाळ गोडसे त्या दिवशी दिल्लीत नव्हता. तरीही कटातील सहभागाबद्दल दोघांनाही जन्मठेप झाली. नारायण आपटे याने एकही गोळी झाडली नव्हती. पण १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्यास नथुरामबरोबर तोही फासावर गेला.

कायद्याचा हात एवढा लांब पोहोचतो खरा, पण पुरावा संपला की तो थांबतो. सावरकरांविरुद्धचा आरोप मुख्यतः माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याच्या जबानीवर उभा होता. तेवढ्यावर दोषी ठरविणे न्यायाधीशांना सुरक्षित वाटले नाही, आणि १० फेब्रुवारी १९४९ रोजी ते निर्दोष सुटले. सिमल्यास पूर्व पंजाब उच्च न्यायालयात अपील चालले. २१ जून १९४९ च्या निकालाने ग्वाल्हेरचे डॉ. परचुरे आणि बडग्याचा नोकर शंकर किस्तय्या हेही मुक्त झाले. आठ माणसे, आणि प्रत्येकाचा निराळा हिशेब!

हा हिशेब मांडला जाण्यापूर्वीच महाराष्ट्रात दुसरा एक निवाडा होऊन गेला होता. हत्येनंतरच्या दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत जमावांनी ब्राह्मणांची घरे जाळली, मुंबईत डॉ. नारायणराव सावरकर दगडफेकीत गंभीर जखमी झाले. त्या जमावांनी पुरावा मागितला नाही, जबानी घेतली नाही. आडनाव तेवढे विचारले. वास्तविक त्याच दंडविधानाचे १४९ वे कलम जमावालाही लागू होते. पाच किंवा अधिक माणसे समान उद्देशाने बेकायदा जमली आणि त्या उद्देशापायी गुन्हा घडला, तर ज्याने स्वतः काडी ओढली नाही तोही त्या गुन्ह्यास उत्तरदायी ठरतो. नुसता घोळक्यात उभा होतो, ही सबब त्याच्या कामी येत नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. १०७ चे ४५ झाले, १४९ चे १९० झाले; आमच्यासारख्या कचेरीतल्या माणसांना नवे आकडे घोकावे लागले. तत्त्व मात्र जुनेच राहिले. दुसऱ्याच्या हातून घडलेल्या कृत्याचा भार माणसावर पडू शकतो. पण त्याने स्वतः काय केले, हे दाखविल्यावाचून तो पडता कामा नये. परप्रांतात राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांनी तर हे विसरू नये. आडनावावरून अपराध ठरू लागला, तर त्या न्यायालयात अपिलाची सोय नसते.